अनुभवी इंजिनिअरने नोंदणी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अठरा वर्षे प्रेशर व्हेसल (दाबाखालचे वायू-द्रव ठेवणारी दाबपात्रे) आणि पाइपिंगचे डिझाइन केलेले, आता डिझाइन विभाग सांभाळणारे एक इंजिनिअर विचारतात: माझ्याच हाताखाली शिकलेला सहकारी नावापुढे 'चार्टर्ड इंजिनिअर' ही नोंदणीतून मिळणारी उपाधी लावू लागला आहे आणि बैठकीत क्लायंट त्याच्याकडे बघून बोलतात. माझे काम कसे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग या वयात फॉर्म भरा, मुलाखत द्या, दरवर्षी वर्गणी भरा, यातून मला मिळणार काय?

मी स्वतः नोंदणीकृत आहे, सल्लागार म्हणून काम करतो आणि नोंदणीसाठी येणाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवरही बसतो. तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचे वाचा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: 'काम सगळ्यांना ठाऊक आहे.' हे सगळे म्हणजे कोण? बहुधा तुमची कंपनी, जुने क्लायंट, चार-दोन व्हेंडर आणि तपासणी संस्थेचे नेहमीचे इन्स्पेक्टर. या वर्तुळात तुम्हाला नोंदणीने काडीचाही फायदा होणार नाही, उलट वर्गणीचा खर्च होईल. नोंदणीचा उपयोग या वर्तुळाबाहेर सुरू होतो, जिथे तुम्हाला ओळखत नसलेल्या माणसाला तुमच्या सहीवर विसंबून पुढचे पाऊल टाकायचे असते. म्हणून निर्णय करण्याआधी एवढेच तपासा: पुढच्या पंधरा वर्षांत अशा परक्या माणसासमोर तुमची सही जाणार आहे का? जाणार असेल तर घ्या. जाणार नसेल तर ती हौस आहे, आणि हौसेला मोल नसते असे मी म्हणणार नाही, पण तिचा हिशेब वेगळा.

आता हे जरा उलगडतो, कारण 'नोंदणी' या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होतात. अमेरिकेत आणि कॅनडात तो परवाना आहे. तो राज्य किंवा प्रांत देतो आणि त्याशिवाय ठराविक कामावर सही करणे बेकायदा ठरते. वायोमिंगने १९०७ साली पहिला असा कायदा केला, मग एकेक करून सगळी राज्ये आली. ब्रिटनमध्ये 'चार्टर्ड इंजिनिअर' ही संरक्षित उपाधी आहे. ती इंजिनिअरिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय लावता येत नाही. पण ती नसताना डिझाइन करायला सहसा कोणी अडवत नाही, आणि साधे 'इंजिनिअर' तर कोणीही लावू शकतो. जर्मनीत उलट, 'इंजेनिअर' हे नुसते बिरुदसुद्धा राज्यांच्या कायद्याने राखलेले आहे, ते शिक्षणावर मिळते. भारतात डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, आर्किटेक्ट यांना देशपातळीवरचे कायदे आहेत (वकिलांचा १९६१ चा, आर्किटेक्टांचा १९७२ चा), इंजिनिअरांसाठी मात्र तसा सर्वसमावेशक कायदा नाही. इथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला १९३५ मध्ये रॉयल चार्टर (ब्रिटिश राजाची सनद) मिळाला, तिची चार्टर्ड इंजिनिअर ही उपाधी जुन्या यंत्रांच्या आयातीच्या मूल्यांकनापासून विम्याच्या दाव्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी मागितली जाते. पण ती नाही म्हणून तुमचे डिझाइनचे टेबल कोणी काढून घेणार नाही.

म्हणजे सहकाऱ्याच्या नावापुढच्या अक्षरांवरून त्याला काय करायचा हक्क मिळाला, हे देश बघितल्याशिवाय सांगता येत नाही. क्लायंट त्याच्याकडे बघून बोलतात यात कायद्याचा भाग शून्य असू शकतो. व्हिजिटिंग कार्डाचा परिणाम असेल, किंवा तो नीट बोलतही असेल.

परवान्याची पद्धत का जन्मली हे पाहिले की तिचा खरा उपयोग कळतो. बहुतेक ठिकाणी तिच्यामागे अपघात आहे. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात सेंट फ्रान्सिस धरण फुटले, पुढच्याच वर्षी त्या राज्याने सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणी सक्तीची केली. १९३७ मध्ये टेक्सासातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसचा स्फोट झाला आणि त्याच वर्षी तिथेही कायदा आला.

पण मला या बाबतीत सर्वांत बोलकी वाटते ती १७ जुलै १९८१ ची कॅन्सस सिटीतली दुर्घटना. हॉटेलच्या उंच लॉबीत, एकावर एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेला एकच सळीचा तुकडा दोन्ही पुलांमधून खाली जात होता. फॅब्रिकेशनच्या सोयीसाठी तो बदलला. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला. कागदावर फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात वरच्या बीमखालच्या नटवर आता एका पुलाऐवजी दोन पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. आणि मूळचा जोडही बिल्डिंग कोडला पुरत नव्हता, हे नंतरच्या तपासात निघाले. हा बदल ज्या शॉप ड्रॉइंगवर (फॅब्रिकेटरच्या तपशीलवार ड्रॉइंगवर) होता त्यावर इंजिनिअरचा शिक्का होता. जोडाचे गणित फॅब्रिकेटर करील असे इंजिनिअरकडच्यांनी धरले, फॅब्रिकेटरने ते इंजिनिअरने केलेच असणार असे धरले, आणि ते कोणीच केले नाही.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, परवाना असलेल्या माणसाच्या शिक्क्याखालीही असे घडू शकते. म्हणजे नोंदणी ही दर्जाची हमी नाही, आणि तशी ती विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दुसरी जास्त महत्त्वाची. फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण मिझुरी राज्याने त्या कामाच्या जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द केले. 'आम्हाला वाटले त्यांनी केले असेल' हे उत्तर चालले नाही, कारण शिक्का ज्याचा जबाबदारी त्याची, हे आधीच ठरलेले होते. नोंदणीचे काम हेच आहे. गर्दीतल्या कामात नाव एकाचे राहते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण १३ सप्टेंबर २०१८ चे, मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक खोऱ्यातले. तिथे जुनी बिडाची गॅसवाहिनी काढून प्लास्टिकची टाकण्याचे काम चालू होते. दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरच्या सेन्सिंग लाइन (त्याला दाब किती ते कळवणाऱ्या बारीक नळ्या) मात्र अजून त्या जुन्या वाहिनीलाच जोडलेल्या होत्या. जुनी वाहिनी बंद करताच तिच्यातला दाब उतरला. रेग्युलेटरला वाटले दाब कमी झाला, ते उघडत गेले आणि घरांकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या जाळ्यात जादा दाबाचा गॅस शिरला. एक तरुण गेला, वीसहून अधिक जखमी झाले, शंभराहून अधिक घरे-इमारतींचे नुकसान झाले. पाइपिंगवाल्याला हे वाचताना पोटात गोळा येतो, कारण चूक कुठे होती ते एका पी अँड आय डी वर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) बोट ठेवून दाखवता येते. ते काम परवानाधारक इंजिनिअरच्या नजरेखालून गेलेच नव्हते, आणि कायद्याने जावे लागतही नव्हते. अमेरिकेत कारखाने आणि युटिलिटी कंपन्यांच्या अंतर्गत कामाला अशी सूट सर्रास आहे, तिला इंडस्ट्रियल एक्झेम्प्शन म्हणतात. अपघातानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) ही सूट गॅसच्या कामासाठी काढायला सांगितली आणि काही महिन्यांतच मॅसॅच्युसेट्सने तसा कायदा केला.

तुम्ही आत्तापर्यंत नोंदणीशिवाय सुखाने काम केले ते बहुधा अशाच कुठल्यातरी सवलतीच्या सावलीत. कंपनीचे प्रमाणपत्र आहे, तपासणी संस्था आहे, तुमची सही कंपनीच्या कागदपत्रांत विरघळून जाते. यात गैर काही नाही. पण ही सावली कंपनीची आहे, तुमची नाही. कंपनी विकली गेली, विभाग बंद झाला किंवा तुम्ही स्वतः बाहेर पडलात की अठरा वर्षांतले काहीच तुमच्या नावावर नोंदलेले नाही असे लक्षात येते. ड्रॉइंगवर तुमची आद्याक्षरे असतात, तीही कंपनीच्या सर्व्हरवर.

तुमच्या क्षेत्रात तर याचे थेट उदाहरण आहे आणि ते तुम्हाला माहीत असणारच. एएसएमई या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडमधला सेक्शन आठ प्रेशर व्हेसलचा. त्यात डिव्हिजन एकच्या नेहमीच्या नियमांनी काम करताना तुमच्या नोंदणीबद्दल कोणी विचारत नाही. डिव्हिजन दोनला गेलात की युजर्स डिझाइन स्पेसिफिकेशन (वापरणाऱ्याच्या गरजांचा दस्तऐवज) आणि मॅन्युफॅक्चरर्स डिझाइन रिपोर्ट (उत्पादकाचा डिझाइन अहवाल) यांच्यावर नोंदणीकृत इंजिनिअरचे प्रमाणन लागते. क्लास दोनच्या व्हेसलना ते लागतेच, क्लास एकमध्ये फटीगसारखे (वारंवार बदलणाऱ्या भाराने धातू थकण्याचे) विश्लेषण आले की लागते. पूर्वी इथे अमेरिका-कॅनडाचीच नोंदणी धरली जाई, आता इतर देशांच्या नोंदणीलाही वाट आहे. तरी क्लायंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहिले आहे ते आधी वाचा, कारण पुष्कळ जण अजून जुनेच वाक्य चिकटवतात. आता परिस्थिती बघा: संपूर्ण विश्लेषण तुम्ही करता, मेशपासून स्ट्रेस लिनिअरायझेशनपर्यंत, आणि शेवटी कोणीतरी बाहेरचा माणूस पैसे घेऊन सही करतो. तो काम नीट तपासत असेल तर ठीकच. न तपासता शिक्का मारत असेल तर तो त्याच्या परवान्याच्या नियमांना धरून वागत नाही आणि तुम्ही त्याला साथ देत आहात. ही सही तुमची स्वतःची असू शकते, हे नोंदणीच्या बाजूचे तुमच्यासाठी सर्वांत भक्कम कारण. भारतात दाबपात्रांच्या तपासणीसाठी पेसो या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेकडून 'सक्षम व्यक्ती' म्हणून मिळणारी मान्यता हीदेखील याच जातीची. दिसायला साधी आहे, पण तिच्याशिवाय तुमचे प्रमाणपत्र कागदाचा तुकडा ठरते. माझ्या मते दिखाऊ उपाधीपेक्षा अशी नेमक्या कामाची मान्यता आधी मिळवावी.

उलट, जिथे सहीला बाजारच नाही तिथे परवाना तग धरत नाही, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेने २०१३ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) ही परवान्याची परीक्षा सुरू केली. बसायला पुरेसे उमेदवारच आले नाहीत आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. सॉफ्टवेअरवाले आळशी होते म्हणून नव्हे. त्यांच्या शिक्क्याची वाट बघणारा अधिकारी कुठेच नव्हता, एवढेच. (उपाधीच्या राखणदारांचा अतिरेकही होतो, तो जाता जाता. ओरेगॉनमध्ये एका गृहस्थांनी वाहतुकीच्या पिवळ्या दिव्याच्या वेळेचे सूत्र चुकीचे आहे असे गणित मांडून कळवले, तर तिथल्या मंडळाने परवान्याशिवाय इंजिनिअरिंग केले म्हणून त्यांना ५०० डॉलर दंड केला. २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने ते स्वतःला इंजिनिअर म्हणवू शकतात असा निर्णय दिला. गणिताबद्दल मंडळाने काही म्हटल्याचे दिसले नाही.)

पगार वाढेल का, हे तुम्ही विचारले नाही, पण सगळे मनात विचारतात. नोकरीत सहसा नाही. कंपनीला सही हवी असेल तर वाढतो, नको असेल तर अभिनंदनाचा ईमेल येतो. सल्लागार म्हणून स्वतंत्र काम, न्यायालयात तज्ज्ञ साक्ष, लवादात मत, टेंडरमध्ये 'की पर्सन' म्हणून नाव, परदेशी नोकरी अशा ठिकाणी मात्र फरक पडतो, आणि तो फरक आत येऊ देण्याचा की दारातच थांबवण्याचा असतो.

आता मुलाखतीबद्दल, कारण अनुभवी माणसे बहुधा तिथे अडखळतात आणि त्याचे कारण त्यांना उमगत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत पाच गटांत पात्रता दाखवावी लागते: ज्ञान, डिझाइन आणि प्रश्न सोडवणे, जबाबदारी व नेतृत्व, संवाद, आणि व्यावसायिक बांधिलकी. वीस वर्षांचा माणूस येतो आणि प्रकल्पांची यादी सांगतो. इतक्या टनांचा रिॲक्टर, इतक्या मिलिमीटरची जाडी, इतक्या कोटींची ऑर्डर. ते सगळे कंपनीचे काम झाले. पॅनेलला हवे असते ते हे की कोणत्या दिवशी दोन पर्याय समोर होते, तुम्ही कोणता घेतला, कशाच्या आधारावर, आणि चुकला असता तर काय झाले असते. नोझलवरचा (पात्राला पाइप जोडतो त्या तोंडावरचा) भार कोडच्या मर्यादेत बसेना तेव्हा पाइपिंगचा मार्ग बदलायला लावलात, की शेलला (पात्राच्या भिंतीला) पॅड वाढवलात, की फायनाइट एलिमेंट (संगणकावरचे ताण-विश्लेषण) करून आहे तेच पास करून घेतलेत? का? अशा तीन-चार गोष्टी नीट सांगता आल्या की यादीची गरज उरत नाही. पंचविशीतला उमेदवार हे जास्त चांगले करतो, कारण त्याने घेतलेले निर्णय मोजकेच असतात आणि ते त्याला लख्ख आठवतात. तुमचे निर्णय आता हाताच्या सवयीत गेले आहेत, ते शोधून काढावे लागतात. खरे सांगायचे तर या उत्खननाचा मला उपाधीइतकाच उपयोग वाटतो. विभागप्रमुखाने आपण कशाच्या बळावर 'चालेल' म्हणतो हे एकदा लिहून काढले की त्याच्या हाताखालच्यांचेही भले होते.

शिक्षणाची अडचण असेल तर घाबरू नका. १९८९ च्या वॉशिंग्टन अकॉर्ड या कराराने सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करायला सुरुवात झाली, भारत त्याचा पूर्ण सदस्य २०१४ मध्ये झाला. तुमची पदवी त्याच्या आधीची असेल तर ती आपोआप बसत नाही. पण ब्रिटिश संस्थांकडे अनुभवाच्या आधारे वैयक्तिक मूल्यमापनाचा मार्ग आहे, काही ठिकाणी त्यासाठी तांत्रिक अहवाल मागतात. अमेरिकेचा मार्ग वेगळा आहे. तिथे परीक्षा टळत नाही. आधी मूलभूत विषयांची एफई, मग आठ तासांची पीई, आणि मेकॅनिकलमध्ये मशिन डिझाइन व मटेरिअल्स, थर्मल व फ्लुइड सिस्टिम्स, एचव्हीएसी यांतला एक निवडायचा. काही राज्ये दीर्घ अनुभव असलेल्यांना एफई माफ करतात, म्हणून अर्ज कोणत्या राज्यात करायचा हा विचार आधी करा. कॅनडात तांत्रिक भागाबरोबर कायदा आणि नीतीवरची वेगळी परीक्षा असते. ती सोपी समजून नापास होणारे ज्येष्ठ पाहिले आहेत.

जबाबदारीची बाजू लपवणार नाही. परवान्याच्या शिक्क्यानंतर 'कंपनीने सांगितले म्हणून' हे उत्तर संपते. ज्या कामावर तुमची प्रत्यक्ष देखरेख नव्हती त्यावर सही करणे हा बहुतेक ठिकाणी शिस्तभंग आहे, आणि मित्राच्या ड्रॉइंगवर 'जरा शिक्का दे' ही विनंती इथूनच येते. सल्लागारी करणार असाल तर व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या कामाआधी घ्या. सही केल्यानंतरही दावे वर्षानुवर्षे मागे लागू शकतात, त्यामुळे निवृत्तीनंतर विमा लगेच तोडू नका. पण याच जबाबदारीचा एक उलटा फायदा आहे आणि तो विभागप्रमुखाला सर्वांत जास्त होतो. डिलिव्हरीच्या आठवड्यात वरून दबाव येतो की हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा) अहवाल नंतर जोडू, आज रिलीज नोटवर सही करा. तेव्हा 'मला पटत नाही' म्हणणारा अडेलतट्टू ठरतो. 'यावर सही केली तर माझे नाव नोंदवहीतून जाईल' म्हणणाऱ्याशी वाद घालायला व्यवस्थापक कचरतो. असा आधार मी एकाहून अधिक वेळा वापरला आहे आणि तो लागू पडतो.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. डिव्हिजन दोनचे काम वाढणार असेल किंवा पन्नाशीनंतर स्वतःचे काम करायचा विचार असेल तर नोंदणी घ्या, आणि ती क्लायंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये चालणारीच घ्या. सहकाऱ्याकडे आहे म्हणून तीच घेऊ नका. निवृत्तीपर्यंत याच कंपनीत, याच खुर्चीत राहायचे असेल आणि सही बाहेर जाणारच नसेल तर पैसे वाचवा, मात्र बैठकीत सहकाऱ्याला बोलू द्या.

घ्यायचे ठरले तर सुरुवात फॉर्मपासून नको, तुमच्या कामाची ग्वाही देणाऱ्या साक्षीदारांपासून करा. तुमच्या सुरुवातीच्या दहा वर्षांचे काम जवळून पाहिलेले वरिष्ठ आता निवृत्तीला आले असतील किंवा होऊन गेले असतील. त्यांपैकी नोंदणीकृत कोण आहेत ते बघा, त्यांना भेटा, आपल्या तीन-चार कामांची टिपणे त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांची आठवण त्याच्याशी जुळते का ते विचारा. टिपणांत क्लायंटचे नाव आणि गोपनीय आकडे ठेवू नका, पण डिझाइनचा दाब, तापमान, मटेरिअल आणि तुम्ही घेतलेला निर्णय ठेवा. कंपनीची लेखी परवानगी लागेल, ती राजीनाम्याचा विषय निघायच्या बऱ्याच आधी मागा. आणि नोंदणी मिळाल्यावर सातत्याने शिकत असल्याची नोंद पहिल्याच महिन्यापासून ठेवा. ब्रिटिश संस्था ती तपासायला मागतात, अमेरिकेत बहुतेक राज्ये नूतनीकरणाला तास मोजतात, आणि दोन वर्षांपूर्वी कोणत्या वेल्डिंग परिसंवादाला बसलो होतो हे ऐनवेळी आठवत नाही.